दोघांच्या सीटवर तिसरा

९ जानेवारी
सकाळी आमच्या मराठी मंडळातल्या मृणालचा फोन. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसात माझ्या व्यंगचित्रांचं प्रदर्शन भरवतेय. पोरगी हुशार, बोलते मात्र फार. "काकू, तिसऱ्या माणसाची सगळी चित्रं लावू या. आणि क्लोजिंगला एक नवीन द्या ना. त्याला फायनली सीट मिळाली, असं!"
हो म्हणून बसले. ब्रश धरून जमाना झाला.

१० जाने.
माळ्यावरचा गठ्ठा काढला. बसमधल्या दोघांच्या सीटवर दोन जाडजूड पुढारी ऐसपैस, आणि शेजारी दांड्याला लोंबकळणारा काटकुळा तिसरा. दर निवडणुकीत तोच. आघाडी, मोर्चा, नवा पक्ष, नाव काहीही असो, तोंड आमच्या ह्यांचं.
सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून ऑफिसला जाताना हे अस्सेच लोंबकळायचे. "भाईसाब, थोडा खिसकिए." कोणी ढिम्म हलायचं नाही. घरी येऊन सांगायचे, मी ते काढायचे.
सरकारी नोकरी, त्यामुळे राजकारणावर बाहेर चकार शब्द नाही. मत मात्र कायम तिसऱ्याला. तो आपटला की संध्याकाळी मला विचारायचे, "आज माझं काय केलंस, दाखव."
फार मजेत होतो तेव्हा.

१४ जाने.
मंडळाची बस पानिपतला गेली, काला अंबच्या स्मारकाला. दर वर्षी जायचो. यंदा ह्यांचे गुडघे. बाथरूमपर्यंत भिंत धरून जातात. ऑपरेशन वीस तारखेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट वीक आहे, रिस्क आहे. हे म्हणाले, "चलो, देखेंगे." जसं काही दुसऱ्याचंच ऑपरेशन.
तिळाच्या वड्या कडक झाल्या. मटार सोलले. गारठा मरणाचा.

१६ जाने.
दोघे जाडे झटकन कागदावर उतरले, हात विसरला नाही. मधे जागा केली, तिसऱ्याला बसवलं. कोणीतरी भलताच दिसतो. खोडलं. परत तेच. ह्यांना बसलेलं मी कधी काढलेलंच नाही...
घरात तर दिवसभर बसूनच असतात. तरी.

१८ जाने.
मृणालसाठी वगैरे काही नाही. मलाच ह्यांना बसवायचंय. ऑपरेशनच्या आधी, एकदा. भीती वाटते.

१९ जाने.
शेवटी ह्यांनाच चित्र दाखवलं. पेन्सिलीनं पुसट बसवलेला तिसरा. चष्मा लावून नीट बघितलं.
"मला उभाच ठेव गं."
"अहो, गुडघे दुखतात ना?"
"दुखतात. पण एकदा बसलो की पुढच्या चित्रात तू मला जाडा करशील. बिल्कुल त्या दोघांसारखा."
"नाही करणार."
"करशील. ओळखतो तुला."
मग खुर्चीतून उठले. भिंत न धरता. एक हात वर, नसलेल्या दांड्याला धरल्यासारखा. "काढ पटकन."
पाय लटलट कापत होते. मला हसू येत होतं आणि डोळ्यांपुढे कागद दिसेना. टोपी, चेहरा, हात झाला. मग मीच ओरडले, "बसा आता!"

२० जाने.
हॉस्पिटल. आत नेलं. जाताना नर्सला म्हणाले, "सिस्टर, थोडा खिसकिए." ती हसली.
मृणालला फोन केला, चित्र उशिरा मिळेल. पाय काढायचे राहिलेत. हे घरी आले की समोर उभं करून काढीन.