सासऱ्यांची भूमिका

५ नोव्हें., बुध.
चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून शर्टावर. आरशात डावा गाल लोंबलेला, डोळा मिटेना. सुनीता म्हणाली, "सकाळी सकाळी नाटकं नकोत." मग नीट पाहिलं आणि गाडीची किल्ली घेतली. डॉक्टर: पक्षाघात नाही, चेहऱ्याची नस सुजलीय. बरं होईल. कधी, ते सांगत नाहीत. मंडळाचा प्रयोग २१ला, नाटक माझं, सासरेही मीच.

७, शुक्र.
तालीम आमच्याच घरी हॉलमध्ये, इथे आखातात, सनद भागात. चहा गळला, सगळे खो खो. त्यांना वाटलं, मी नवीन गंमत बसवली. वीस वर्षं याच चेहऱ्यावर हशे घेतले, आजचा टोचला. 'बाप' म्हणायला गेलो, 'वाफ' आलं.

९, रवि.
लेक मुक्ता प्रॉम्प्टिंग करते, संवाद इंग्रजी अक्षरांत लिहून घेऊन. जेवताना म्हणाली, "बाबा, लेट कांबळे अंकल डू इट." पानावरून उठलो.
कांबळे सखीरला, वाळवंटातल्या साइटवर एसी मेन्टेनन्सला. माझ्या नाटकांत कायम वॉचमन, दोन वाक्यं. पण सगळ्यांची वाक्यं पाठ.

१०, सोम.
कांबळेंना फोन केला, सासरे तुम्ही करा म्हटलं. ते म्हणाले, "सर, मला तुमच्यासारखं तोंड वाकडं करता येत नाही हो."
"मला सरळ करता येत नाही."
दोघंही हसलो.

१७, सोम.
कांबळे नुसते उभे राहून बोलतात. ज्या पडेल वाक्यांना मी चेहऱ्याने सावरायचो, ती उघडी पडली. चार कापली. नवीन लिहिली, ऑफिसात, लंच ब्रेकमध्ये.

२१, शुक्र.
प्रयोग. मी विंगेत, गॉगल लावून. सासरे परत जायचं नाव घेत नाहीत तो प्रवेश. कांबळे शांतपणे, "व्हिसा संपला म्हणून माणूस परत पाठवायचा? दूध संपलं की गाय परत पाठवता का?" हशा थांबेना. वाक्य माझं. इतक्या वर्षांत बाहेर उभं राहून कधी ऐकलंच नव्हतं...
नंतर सगळे कांबळेंभोवती. मी सगळ्यांत शेवटी गेलो. खोटं कशाला लिहू.

१२ डिसें., शुक्र.
चेहरा बराचसा जागेवर. मंडळाने जानेवारीत दुसरा प्रयोग ठरवला. संध्याकाळी कांबळे आले. "सर, आता माझं काम खलास. रोल तुमचा." गावाकडे त्यांच्या बायकोने प्रयोगाचा व्हिडिओ चारदा पाहिला म्हणे. मी फक्त 'बघू' म्हटलं. रविवारपर्यंत नावं कळवायचीत.
जाताना दारात बुटांच्या नाड्या बांधायला त्यांनी फार वेळ लावला.