माझ्या ओवीतली बाई

चि. सौ. शेवंतास, थोरल्या जावेचा आशीर्वाद.

बोंडअळीच्या वर्षी हे गेले आणि सोनूला शिकायला तू दारव्ह्याला नेलंस. ते उपकार मी मानते. पण ती सुट्टीला घरी आलीय, आणि काल कापूस वेचताना बायांनी तिला गाणं म्हणायला सांगितलं, तर तिनं तुझं भजन म्हटलं. त्यात देव हात धरून संकटातून काढतो. मग मी माझी ओवी म्हटली. ती संपायच्या आतच सोनू हसून म्हणाली, "आई, तुह्या गाण्यातली बाई नुसती रडूनच राह्यली. काकूचं आयकलं का बरं वाटते."

ती बाई पुढे डोळे पुसून उठते. ते कडवं मी सोनू दारव्ह्याला गेल्यावर जोडलं. तिनं ते ऐकलेलंच नाही.

हे तुला कळलं तर तू तिला ते शिकायला लावशील. तुझ्या सांगण्यावरून तिनं ते म्हटलेलं मला नको. म्हणून पत्र टाकत नाही.

तुझी जाऊ,
कौतिका