रुखवतातलं कणीस

एकलहरे, २२ मे १९७९

तीर्थस्वरूप कॉम्रेड कारभारीअण्णा यांस, धाकटा भाऊ निवृत्ती याचा शिरसाष्टांग लाल सलाम. (वहिनींना नुसता नमस्कार, त्या कोणत्याच पक्षात नाहीत, म्हणून तर तुमचं घर चाललंय.) सुरगाण्याचे डोंगर चढून गुडघा कसा आहे? डावाच दुखत असणार.

आपल्या मैनाचं लग्न रविवारी पार पडलं. सुटलो! सख्खा काका आला नाही, याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. (काढला. जाऊ द्या.)

व्याही सावळीराम ओझरचे कामगार, तुमच्याच पक्षाचे. चौसष्ट साली पक्ष फुटला तेव्हा तुम्ही विळा-हातोडा धरलात, मी विळा-कणीस. तेव्हापासून आपण एका पंगतीला बसलो नाही, आणि माझी पोरगी मात्र हातोडेवाल्यांच्या घरी निघाली. महागाईविरोधी मोर्चा दोन्ही पक्षांनी चुकून एकाच दिवशी, एकाच चौकात काढला, तिथे पोरांचं जमलं. व्याह्यांच्या अटी साध्या होत्या: भटजी नको, हुंडा नको, दोन हार आणि दोन भाषणं. (दोनच भाषणं, ही सगळ्यांत कठीण.)

रुखवताचा विचार मात्र कुणीच केला नव्हता. ते बायकांचं खातं. आमच्या लंकाबाईने मांडवात परातीवरचं फडकं काढलं, तर आत चिक्कीचा विळा आणि बुंदीचं हातभर कणीस! वीस वर्षं प्रचाराच्या भिंती रंगवलेली माझी बायको, हाताला वळण तेच. व्याह्यांचा चेहरा उतरला. वऱ्हाडातून आवाज आला, "ह्यो प्रचार हाय का लग्न?" नवरदेव हार हातात धरून बापाकडे बघतोय, मैनाच्या डोळ्यांत पाणी. पंधरा वर्षं आपण दोघांनी जे केलं ते आता पोरीच्या वाट्याला येणार, असं वाटलं.

तेवढ्यात विहीणबाई, सिंधुबाई, उठल्या. "लय भूक लागली बाई, ह्यांचं काय सरत नाय," म्हणत त्यांनी कणीस मोडलं. पहिला घास मैनाला भरवला, दुसरा आपल्या नवऱ्याच्या तोंडात कोंबला, उरलेलं वऱ्हाडात वाटलं. पाच मिनिटांत परातीत राहिला नुसता विळा. सावळीराम बुंदी गिळत म्हणाले, "विळा तर आपलाच हाय की." गळ्यांत हार पडले. मी मांडवाच्या खांबाला धरून रडलो, लाज वाटली नाही. (मग व्याही चाळीस मिनिटं बोलले. ऐकलं.)

तुमचा धाकटा,
निवृत्ती

ता. क. : तुमची पत्रिका मी टाकलीच नव्हती. ती अजून माझ्या डब्याच्या पिशवीत आहे. तुम्ही येणार नाही याची भीती होती, आणि याल याचीही. मैनाला सांगितलं, काका पक्षाच्या कामात अडकलेत. आणीबाणीला पाठिंबा दिल्याची चूक माझ्या पक्षाने ठराव करून कबूल केली, मी माझी ता. क. मध्ये करतो.

आणखी एक : येत्या रविवारी मैना माहेरी येतेय. मिळेल ती जीप धरून या. विळा कुणाला खाऊ दिलेला नाही, तुमच्यासाठी ठेवलाय. मुंग्या लागल्यात. पक्ष फुटल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही, सगळ्या एकाच रांगेत येतात. लवकर या.