जीप आली म्हणजे

सोम., १८ ऑगस्ट. धडगाव.

दोन दिवसांसाठी आलो होतो, आज पाचवा. काम एवढंच: भाचीच्या प्रबंधाचा मराठी सारांश नीट करून द्यायचा आणि तिला सोबत खाली न्यायचं. भारती इथल्या कॉलेजात गणित शिकवते. तोंडी परीक्षा शुक्रवारी, विद्यापीठात. सहा वर्षांचं काम, आणि नोंदणीची मुदत याच महिन्यात संपते. हुकली तर पुन्हा पहिल्यापासून. ऑनलाइनला विद्यापीठ तयार आहे, टॉवर तयार नाही.

शहाद्याचा रस्ता बंदच. तळोद्याच्या घाटात दरड, मोलगीकडेही दरड. दोन्हीकडे जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. एका बाजूची रांग संपेपर्यंत दुसरी थांबते. आधी कोणती बाजू? जेसीबी ज्या तोंडाला उभा, ती. म्हणजे नाणेफेक.

सारांश: शून्य ओळी. तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली, असं कधी झालं नाही. पण समजलंच नाही तर लिहू काय.

मंगळ., १९

दुपारी गावातल्या जीपवाल्या जामसिंगची जीप तळोद्याहून वर आली. कोथिंबीर, शनिवारचे पेपर, चार मास्तर. मी खूश. मोलगीमार्गे उतरणाऱ्या भाजीच्या टेम्पोत दोन जागा धरल्या होत्या, त्या सोडायला लावल्या. म्हटलं, घाट मोकळा झाला, उद्या जीपनं सरळ तळोदा. क्रेटवर बसून हाडं कशाला मोडायची. भारतीनं बांधलेली पिशवी सोडली. टेम्पो गेला.

संध्याकाळी जामसिंग चहाला.

"काका, उद्या कसे जाणार तुमी? खाली पन्नास गाड्या उभ्या. त्या चढल्याशिवाय एक पण उतरणार नाय. मी आलो ना, म्हणून तर तुमी अडकले!"

हसला, बशीत चहा ओतला. मला हसू आलं नाही.

बुध., २०

मोलगीकडूनही आता चढणाऱ्याच सोडताहेत. दोन रस्ते, दोन्ही आत येणारे.

सकाळी भा. ला विचारलं, तुला कळलं होतं?

"मन्हा प्रबंधच त्यानावर शे, मामा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीन खुस व्हतात. आनि मामा म्हनस म्हंजे…" उठून कपडे आत घेतले.

तासाभरानं स्वतःच आली, काडेपेटी घेऊन. तीन काड्यांचा त्रिकोण मांडला. कोपऱ्यांना नावं: तळोदा, धडगाव, मोलगी. काडीचं गुल जिकडं, तिकडंच गाडी जाते. प्रत्येक काडीची दिशा नाणं टाकून. एकूण आठ मांडण्या. मग माझ्याकडून मोजून घेतलं, शाळेतल्यासारखं. तळोद्याहून धडगावला पोचता येतं: आठांत पाच वेळा. धडगावहून मोलगीला: पाच वेळा. दोन्ही जमतात: तीन वेळा. एकमेकांशी संबंध नसता तर पाचाला पाचानं गुणून चौसष्टांत पंचवीस यायला हवे होते. आठांत तीन म्हणजे आले चोवीस.

"एकच कमी," मी म्हटलं.

"एकच. पन त्याच एकमा आपुन बठेल शेतस."

रस्ते दुहेरी असते, काही पडलेले, काही शाबूत, तर एका गावाहून पोचता आल्यानं पुढच्या गावाला पोचण्याची शक्यता कधीच घटत नसते. हे जुनं, सिद्ध झालेलं. मी तो भरवसा एकेरी घाटावर लावला. चूक नेमकी तिथं.

रस्ते एकेरीच ठेवून गावं वाढवली तर? चार गावं, प्रत्येकातून प्रत्येकाला सरळ रस्ता: आलेली गाडी पुढच्या गावाला जाण्याबद्दल काहीच सांगत नाही. ना चांगलं, ना वाईट. पाच किंवा जास्त: चांगली खबर. रस्ते विरळ झाले की पुन्हा वाईट. हेच तिनं सहा वर्षं केलं. आणि मी सणावाराला विचारायचो, "संपलं का गं तुझं?"

चार वाजेपर्यंत सारांश पूर्ण. तीनशे पानांचा प्रबंध, तीस ओळींत उतरवला. वाचून म्हणाली, "बरं शे." मग, "पन हाई सादर कोठे करू?"



गुरू., २१. सकाळ.

आज दुपारपर्यंत तळोदा गाठलं तर रात्री विद्यापीठ. नाही तर नाही.

सहाला जामसिंग दारात. त्याच्या मामाच्या पाड्यावरून गुरांची वाट आहे, लोकांनी काल दगड काढले. घाटाच्या खाली निघते म्हणे. पहाटे एक पिकअप त्या वाटेनं वर आली.

म्हणजे पुन्हा आलेलीच गाडी. मी भा. कडे पाहिलं. या वेळी मत दिलं नाही.

"उतरता येईल का?" तिनं विचारलं.

"काय सांगू ताई. एकच गाडी मावते. समोरून कोणी आलं तर मागं घ्यायला जागा नाय."

टेबलावर काड्या कालच्याच. तिनं पेटीतून आणखी तीन काढल्या, चौथा कोपरा जोडला. पाड्याचं नाव विचारून घेतलं.

"पाड्यापासून मोलगीला सरळ वाट आहे का?"

"पायी आहे."

ती काडी तिनं उचलली. जरा वेळ हातात धरली, मग परत ठेवली: चार गावं, सहाही काड्या, म्हणजे ना चांगलं, ना वाईट. गुल कुठल्या बाजूला केलं ते मला दिसलं नाही.

पिशवीत प्रबंध, वर प्लास्टिक. सारांश माझ्या खिशात. जीप चालू आहे, जामसिंग हॉर्न देतोय. भा. पुढच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा.

"मामा, लिखानं ऱ्हावू द्या. बठा."