पूर्वेकडची अर्धी गच्ची

९ फेब्रुवारी, सोमवार
स. मंदाने गहू भिजत घातले. म्हणजे कुरडयांचा हंगाम लागला. आता मे संपेपर्यंत घरात बायको नाही, कारखानाच.
दु. चौकात सोलरच्या सरकारी योजनेचं शिबिर. कमी वीज वापरणाऱ्या घरांना गच्चीवर पॅनल, जवळजवळ सगळा खर्च सरकारचा, बिल नावापुरतं. टेबलावरच्या माणसाने आमचं बिल दोन्ही बाजूंनी बघितलं. म्हणाला, "काका, तुम्ही बसता यात."
मी कामाला होतो ते सातपूरचं वर्कशॉप बंद पडल्यापासून 'तुम्ही बसता' असं कुणी म्हटलं नव्हतं. जाईन तिथे वय आडवं येतं.
तरंगतच घरी आलो. मंदाला सांगितलं.
"बसवणार कुठं?"
"गच्चीवर."
"गच्चीवर मी आहे."
म्हणाली आणि गहू बघायला आत गेली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
पहिला घाणा. उजाडायच्या आत चीक शिजवायला घेतला. शेजारच्या गल्लीतली शोभा आणि लंकाबाई, दोघी हजर. शोभा येवल्याकडची, तोंडाने जोरात. लंकाबाई पेठची, नवरा बांधकामावर. बोलते कमी, पण सोऱ्या दाबायला लागली की मशीन. सूर्य वर येईस्तोवर पूर्वेकडची अर्धी गच्ची पांढरी.
पश्चिमेकडची अर्धी असून नसल्यासारखी. शेजारी तीनमजली उभी राहिली तेव्हापासून दुपारनंतर तिकडे सावली.
मला वर काम नाही. पातेलं जिन्याने वर पोचवायचं आणि खाली यायचं. बायकांच्यात आपण काय बसणार.
वाटीभर गरम चीक मिळाला, तेल-मीठ घालून.

१५ फेब्रुवारी, रविवार
अश्विनी आली सिन्नरहून, जावई नाहीत, सुट्टी नाही मिळाली. तिच्याकडून मोबाइलवर सोलरचा अर्ज भरून घेतला. मीटर माझ्या नावावर, घर माझ्या नावावर, सगळं सरळ. मंदाला विचारलं, भरू ना?
"भरा. भरायला काय जातंय. सरकारचं येईपर्यंत मी म्हातारी होईन."
अश्विनी हसली. मी पण हसलो. मनातून मात्र वाटत होतं, यावं.

५ मार्च, गुरुवार
मोबाइलवर मेसेज. अर्ज मंजूर!! पाहणीला माणूस येणार.
मंदाला लगेच सांगायला हवं होतं. ती इंदिरानगरच्या ऑर्डरचे डबे भरत होती. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी तिचे हात दुखत होते.
उद्या.

११ मार्च, बुधवार
सांगायचं राहिलंच, आणि आज पाहणी झालीसुद्धा.
माणूस नव्हे, मुलगी. काजल नाव, पॅनल बसवणाऱ्या एजन्सीत इंजिनीअर. हेल्मेट, पाठीवर सॅक, हातात टेप. वर गेली तर पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे कुरडया. पोरगी शहाणी, बूट काढून कडेकडेने चालली. मंदा बघत राहिली, मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याबद्दल काही लिहीत नाही.
काजलने चारी बाजूंनी बघून घेतलं. पश्चिमेकडे चालणार नाही म्हणाली, सावली येते. पूर्वेकडेच. कुरडया थोड्या सरकवून तिथे खडूने चौकोन आखला. नेमका मंदाच्या कामाच्या मधोमध.
"काका, महिनाअखेर जागा मोकळी हवी. नाहीतर तुमचा नंबर पुढच्याला जाईल."
मंदाने तिला चीक खायला दिला. दूध-साखर घालून, वर वेलची. पोरीने मिटक्या मारत खाल्ला. मला विचारलं नाही.

१२ मार्च, गुरुवार
खडूचा चौकोन गेला. गच्ची रोजच धुतली जाते, आज जरा जास्त धुतली गेली.
मग व्हायचं ते झालं. मी म्हणालो, "तीन-साडेतीन महिन्यांच्या कामासाठी बारा महिन्यांचं ऊन वाया घालवायचं?"
ती पीठ चाळत होती. थांबली.
"त्या साडेतीन महिन्यांवर आपण बारा महिने जेवतोय."
खरं आहे. त्यामुळेच लागलं.
मीही बोलून गेलो, "मी या घरात काही आणायचंच नाही का?"
आवाज चढला होता. शोभा जिन्यात होती, तशीच परत गेली.

१४ मार्च, शनिवार
बोलणं बंद. जेवायला वाढते, पाणी ठेवते, सगळं वेळेवर. फक्त आवाज नाही. अश्विनीचा फोन आला तेव्हा दोघंही तिच्याशी भरपूर बोललो.
दिवसभर गच्चीच्या कठड्यापाशी बसून ऊन बघत होतो. लंकाबाई मला हसली असावी. बघता बघता एक लक्षात आलं. सकाळचं ऊन तिरपं येतं. एखादी वस्तू चांगली उंचावर धरली तर तिच्या खालून ते आत शिरतं; सावली बरोबर खाली पडते ती डोक्यावर सूर्य आल्यावर. लंकाबाईचं जुनं पातळ चार काठ्यांवर बांधून बघितलं. तसंच होतं.
पॅनल जमिनीलगत हवंच असं कुणी सांगितलंय?

१९ मार्च, गुरुवार. पाडवा
गुढी उभारली. मंदाने श्रीखंड केलं. "घ्या अजून," म्हणाली. पाच-सहा दिवसांत पहिला शब्द.
काजलला फोन केला होता. उंच स्टँड चालेल म्हणाली, पण सरकारी मदतीत बसतो तो बुटकाच. उंच करायचा तर तुमचा तुम्ही, आणि मजबुती ती स्वतः तपासणार. वारा मोठा असतो वर.
मंदाला आज समोर बसवून सगळं सांगितलं. मेसेज लपवला तेही. ऐकून घेतलं. "लपवायची काय गरज होती," एवढंच. मग म्हणाली, "किती उंच?"
"तू खालून उभ्याने गेलीस तरी डोकं लागणार नाही."
"करून दाखवा."

२१ मार्च, शनिवार
बाळूकडे गेलो. एकाच लेथखात्यात होतो आम्ही, आता त्याची सातपूरलाच छोटी फॅब्रिकेशनची शेड आहे. कोपऱ्यात पाइप पडून होते. त्याला कागदावर काढून दाखवलं. म्हणाला, "पाइप घे, वेल्डिंग मी मारतो. कटिंग, ड्रिलिंग तू कर. नाहीतरी घरी बसून काय करतोस."
कुणी दुसरं म्हणालं असतं तर राग आला असता.

२३ मार्च, सोमवार
सकाळी निघालो तर दाराशी डबा ठेवलेला. पोळी, मेथी, कांदा. वर्कशॉप बंद झालं तेव्हापासून डबा उचलला नव्हता. मंदा आतच होती, बाहेर आली नाही. मी पिशवीत टाकला आणि बस पकडली.
बसमध्ये जनरल शिफ्टची पोरं. डबा मांडीवर धरून बसलो होतो.
ड्रिल हातात घेतल्यावर पहिली दहा मिनिटं हात परका वाटला. मग नाही.

२७ मार्च, शुक्रवार
स्टँड तयार. काजल शेडमध्येच येऊन बघून गेली. हलवून बघितला, वाकून बघितलं, नापास केला!
"काका, पायाच्या प्लेटा लहान आहेत. वळवाच्या वाऱ्यात पॅनल पतंग होतील. आणि तिरका आधार दोन बाजूंना पाहिजेच."
बाळू वाद घालायला लागला. मी थांबवलं. पोरीचं बरोबर होतं, मला उभा भार दिसला होता, वारा दिसला नव्हता. उद्यापासून पुन्हा.
घरी सांगितलं तर मंदा म्हणाली, "बरं झालं ती आहे." कुणाची बाजू घेते कळत नाही.

३१ मार्च, मंगळवार
स्टँड वर चढला. बाळू, त्याचे दोन वेल्डर आणि मी. जिन्यातून जाईना, दोरीने बाहेरून ओढला. अख्खी गल्ली बघायला. काजलने बोल्ट स्वतः आवळून बघितले आणि फोटो पाठवला कुठेतरी. पास.
मंदा खालून चालत गेली. मुद्दाम पदर डोक्यावर नीट घेऊन, ताठ. लागलं नाही.

९ एप्रिल, गुरुवार
दोन पॅनल बसली. निळीकाळी, एकदम गुळगुळीत. वायर खाली मीटरपाशी. उलटसुलट, म्हणजे घेतलेली-दिलेली दोन्ही वीज मोजणारा नवा मीटर वेगळा येणार, तोवर चालू करायचं नाही. किती दिवस? "येईल काका, लवकरच."
लंकाबाई बराच वेळ वर बघत होती. पाड्यावरच्या शाळेतही असंच बसवलंय म्हणाली. एवढं लांब वाक्य तिच्याकडून पहिल्यांदा ऐकलं.

१२ एप्रिल, रविवार
गंमत झाली. दहा-अकरा वाजले की उन्हाने तिघी घायकुतीला यायच्या, डोक्यावर ओले पंचे टाकून काम. आज तिघी पॅनलखाली सरकल्या. बायका सावलीत, कुरडया उन्हात. शोभा म्हणते, "दादा, हे आधीच का नाय केलं? लय बरं वाटतंय."
आणि मग तिनेच काढलं, "शेवया करू ना इथं. आमच्याकडं शेवया सावलीतच वाळवत्यात. उन्हात तुटत्यात त्या."
मंदा काही बोलली नाही. पण ती बोलत नाही तेव्हा हिशोब चालू असतो.

२४ एप्रिल, शुक्रवार
सगळंच गोड नाही. भर दुपारी मधला पट्टा सावलीत जातो तो जातोच. उडदाचे पापड काल ओलसर राहिले. कॉलेज रोडच्या एका जुन्या बाईंना मंदाने 'यंदा कुरडया कमी देईन' म्हणून सांगितलं. मी म्हटलं, माझ्यामुळे.
"तुमच्यामुळे आणि त्या तीनमजलीमुळे," म्हणाली. "नुसतं तुम्हालाच का धरू."
शोभाने हाताने शेवयांचा थोडा नमुना केला. केसासारख्या बारीक. काठीवर टाकून पॅनलखाली लावल्या. वाऱ्याने हलतात, बघायला छान दिसतं.

६ मे, बुधवार
बिल आलं. नेहमीसारखंच. मीटर नाही, म्हणजे पॅनल नुसती शोभेला. वीज कार्यालयात जाऊन आलो. खिडकीवरचा माणूस बोलायला चांगला, पण उत्तर तेच, मीटर यायचेत, नंबराने लागतील. माझ्या मागे एक म्हातारे गृहस्थ त्याच कामाला. दोघांनी बाहेर चहा घेतला. त्यांच्या घरी पॅनलवर कबुतरं बसतात म्हणाले. आमच्याकडे शेवया.
वाटलं होतं मंदा टोमणा मारेल. "येईल की," म्हणाली. आता तीच मला धीर देते.

१० मे, रविवार
चीक आज घट्ट झाला होता, लंकाबाईचा खांदा भरला. मंदाने जिन्यातून हाक मारली, "अहो, वर या जरा." सोऱ्या हातात दिला. लेथवरचा जोर अजून आहे. पहिल्या दोन कुरडया वाकड्या, नंतर जमल्या. अकरापर्यंत वरच होतो. चहाही वरच आला, चौथा कप धरून.
बायकांच्यात बसता येतं. कुणी काही म्हणत नाही.

१७ मे, रविवार
इंदिरानगरच्या एका लग्नाच्या रुखवताची ऑर्डर आली, शेवयांची. मोठी. मंदा हो म्हणून बसली, मला न विचारता. शोभाच्या हातांनी होण्यासारखं काम नाही. मोटरवरचं शेवयांचं मशीन हवं म्हणते.
मी म्हटलं, अगं, मीटर आलेला नाही. युनिट वाढतील. आधी बिल खाली येऊ दे, मग बघू.
"मग वर ती दोन पॅनल काय नुसतं ऊन खात बसणार?"
मी हसलो तर तीही हसली. पण मीटर या महिन्यात येईल, पुढच्या येईल, काजललाही सांगता येत नाही. मशीन घेतल्यावर बिल किती होईल, तेही नाही.
उद्या दु. दोघं जायचं ठरलंय मेन रोडला. घ्यायचं ठरलेलं नाही, नुसतं बघायला, असं ती म्हणते.
खुर्चीवर उद्यासाठी साडी काढून ठेवली आहे, अंजिरी रंगाची, ठेवणीतली. नुसतं बघायला जाताना कुणी एवढी चांगली साडी काढत नाही.