मासवडी आणि मास्तरांचा अंगठा

अहमदनगर,
नोव्हेंबरअखेर, १९४६

आदरणीय मरियावन्सं यांस धाकट्या भावजयीचा मनापासून सलाम.

लग्न होऊन मी तुमच्या घरी आले त्याच आठवड्यात सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "पुरुषाचं पोट भरलं का ते पुरुषाला विचारू नये गं, भांड्याला विचारावं." हे वाक्य मी इतकी वर्षं शास्त्रवचनासारखं पाळलं. सासूबाई आता प्रभूजवळ आहेत, त्यांचा मान राखूनच लिहिते, की भांडीही खोटं बोलतात. कसं ते पुढे येईलच. त्याआधी तुम्ही कशा आहात? थॉमसदाजींचा खोकला थंडीनं वाढला नाही ना? कर्जतकडे यंदा ज्वारी बरी आहे असं ऐकते. इथे लढाई संपून वर्ष उलटलं तरी रेशनची रांग काही हलत नाही, आणि रांगेच्या शेवटी जे धान्य मिळतं त्याची भाकरी थापताना तव्यावर जाईपर्यंत तरी एकसंध राहा, अशी तिला विनवणी करावी लागते.

तुमचं पत्र पोचलं. दाजी दिवाळीच्या सुमारास इथे येऊन गेले, त्यांनी तुमच्या भावाला काठी टेकत चालताना पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं की दानीएल वाळला. त्यावर तुम्ही लिहिलंत की मी तुमच्या भावाला झाडपाला घालून मारते आहे, आणि मटण सुटलं म्हणूनच त्याच्या पायातलं बळ गेलं. वन्सं, मला राग आला नाही. (थोडा आला. पत्र मिठाच्या बरणीखाली ठेवलं आणि राग गेल्यावर पुन्हा काढलं. कडेला मिठाचा डाग दिसतो आहे, पण अक्षर शाबूत आहे.) रागापेक्षा आधी तुम्हाला आनंदाची बातमी सांगावी असं वाटलं. आज सकाळी त्यांनी बूट घातले. दोन्ही पायांत. नाडी बांधली आणि काठी दाराशी ठेवून शाळेत गेले. मी दारात उभी राहून ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत होते, आणि चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मला त्याचं काही वाटलं नाही.

आता पहिल्यापासून सांगते. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला. वांग्यासारखा जांभळा झाला, चादरीचा स्पर्शही सोसेना. डॉक्टरांनी बघितलं, जीभ बघितली, आणि विचारलं की मास्तर, जेवणात काय असतं? तुमच्या भावानं छाती पुढे काढून सगळं सांगितलं: कलेजी, वजडी, मुंडी, पाया. डॉक्टर म्हणाले, रक्तात क्षार साठलाय, तो सांध्यात उतरतो. हे सगळं बंद. दुपारच्या जेवणात मांसाचा तुकडा नको. रविवारी रात्री एक वाटी रस्सा चालेल. नाहीतर पुढे दुसरा पाय, मग गुडघे. ते 'गुडघे' म्हणाले आणि माझ्या डोळ्यांपुढे मामंजी आले. शेवटची वर्षं त्यांनी बाजेवर काढली, ते तुम्ही पाहिलंत आणि मीही पाहिलं. त्यांना कुशीवर वळवायला आपण दोघी लागत होतो. वन्सं, सगळं पत्र विसरलात तरी चालेल, पण मी हे सगळं कशाच्या भीतीनं केलं तेवढं विसरू नका.

तर मांसाशिवाय दुपारचा डबा. हे लिहायला सोपं आहे. आपल्या घरात भाजी म्हणजे मटणात घालतात ती, असं मी तुमच्याकडूनच शिकले. पहिल्या दिवशी मेथी दिली. डब्यात मेथी तशीच परत आली, वर एक चिठ्ठी नव्हती एवढंच. दुसऱ्या दिवशी दुधी दिला, तर संध्याकाळी विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का?" मग मला कळलं की ह्यांना मटण नकोय, मटणाभोवतीचं सगळं हवंय. तिखट हवं, काळा मसाला हवा, वर तरी हवी, आणि दातांना काहीतरी काम हवं. मग मी त्याच वाटेनं गेले. हुलग्याचे शेंगोळे केले, भरपूर लसूण घालून. डाळ-वांगं केलं. वांगी निखाऱ्यावर भाजून शेंगदाण्याचं कूट घातलेलं भरीत दिलं. काळ्या मसाल्याच्या आमटीत शेवग्याच्या शेंगा सोडल्या, त्या तर ते नळी चोखावी तशा डोळे मिटून चोखत. (डोळे मिटून कशाचं ध्यान चाललंय ते मी विचारलं नाही. विवाहित माणसानं सगळंच विचारू नये.) आणि शेजारच्या आक्काबाईंकडून मासवडी शिकले. तुम्ही करत नाही म्हणून लिहिते: बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत सुकं खोबरं, तीळ, कांदा, लसूण, कोथिंबीर परतून भरायचं, फडक्यानंच गुंडाळी करून माशासारखा आकार द्यायचा आणि काप करायचे. बरोबर झणझणीत रस्सा. त्यात मासाही नाही आणि मांसही नाही, पण जिभेला ते पहिला घास उतरल्यावर कळतं, तोवर उशीर झालेला असतो.

श्रावण, गणपती, पितर, नवरात्र, सगळं नीट पार पडलं. अंगठा उतरला. तुमचे भाऊ वर्गात उभं राहून शिकवू लागले, आणि मी मंडळीत जरा मान वर करून चालू लागले. (गर्व झाला होता. गर्वाचं पुढे काय होतं ते दर दोन महिन्यांनी वेदीवरून ऐकतो आपण, पण स्वतःवर येईपर्यंत ते दुसऱ्याबद्दल आहे असंच वाटतं.) दसरा झाला आणि अंगठा पुन्हा सुजला. नवल म्हणजे डबा आता आधीपेक्षा स्वच्छ येऊ लागला होता. पूर्वी कोपऱ्यात चार शितं तरी उरत, आता कडा चाटूनपुसून लख्ख. घरी आल्यावर कौतुक. "आजचे शेंगोळे काय झाले होते!" असं म्हणून पाय पाटावर ठेवायचे आणि कण्हायचे. डबा जितका रिकामा तितका अंगठा मोठा. मी सासूबाईंचं ऐकून भांड्यावर विश्वास ठेवला आणि दोष बेसनाला दिला. बेसन वातूळ म्हणून बंद केलं. मग वांगी बंद केली. मग हुलगे. डॉक्टर म्हणाले, असं व्हायला नको. मी घरी येऊन देवापुढे बसले आणि काय मागावं तेच सुचेना. त्याच दिवसांत दाजी आले होते, आणि मग तुमचं पत्र.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण तिचा अर्थ लागत नव्हता. पाय गुरुवारी आणि शनिवारी जास्त दुखायचा. मी म्हटलं हवामान असेल. गुरुवार-शनिवारचं हवामान वेगळं असतं का, हा प्रश्न मला पडला नाही, इतकी मी भोळी.

आणि एका दुपारी मागच्या दारानं गोजरबाई आल्या. गोजरबाई म्हणजे ह्यांच्याच शाळेतल्या आप्पासाहेब मास्तरांच्या पत्नी, सुप्याकडच्या. त्यांच्या सासूबाई जुन्या वळणाच्या, ख्रिस्ती घरचं पाणीही चालत नाही, म्हणून बाई मागच्या दारानं येतात आणि चहा उभ्यानंच पितात. आल्या त्या रुसूनच. म्हणाल्या, "बाई, तुमी त्या वड्यांत काय घालता ते मला सांगा. आमचं मालक रोज तुमचंच गुणगान गात्यात. माझ्या हातचं त्यांना ग्वाड लागंना झालंय." मी म्हटलं, आप्पासाहेबांनी माझ्या वड्या कधी खाल्ल्या? त्या म्हणाल्या, "रोज तुमचाच डबा खात्यात की! आन् बुधवारी, शुक्रवारी मी येवढं मटान करून देती डब्यात, ते तुमच्या मास्तरांनी संपवलं म्हनत्यात. मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

वन्सं, मी पाटावर बसले. त्यांच्या घरी मटण बुधवार आणि शुक्रवार. माझ्या घरी अंगठा गुरुवार आणि शनिवार. (रविवारीही त्यांच्याकडे मटण शिजतं, पण त्या दिवशी शाळा बंद, म्हणून सोमवार तेवढा वाचला.) आणि श्रावणापासून नवरात्रापर्यंत त्यांच्या घरी मांस शिजलंच नव्हतं. म्हणजे माझ्या मासवडीनं जो पाय बरा केला असं मी मंडळीभर सांगत होते, तो बरा राहण्यात गोजरबाईंच्या सासूबाईंच्या सोवळ्याचाही वाटा होता! दसऱ्यानंतर दोघे मास्तर जेवणाच्या सुट्टीत झाकणंही न उघडता डबे बदलत होते. आप्पासाहेबांना मटण का नको, तेही गोजरबाईंना मग आठवलं. "गेल्या साली दाढा काढल्यात. मला म्हनले, एकच काढली." बायकोनं म्हातारं म्हणू नये म्हणून आप्पासाहेबांनी मटण नाकारलं नाही, आणि मी रुसू नये म्हणून ह्यांनी माझा डबा नाकारला नाही. दोघांचा संसार वाचला आणि एक अंगठा गेला.

मी रडेन असं मला वाटलं होतं, पण गोजरबाई हसायला लागल्या आणि त्यांच्या हसण्यात मी वाहून गेले. मग आम्ही बेत केला. येत्या बुधवारी त्यांनी आप्पासाहेबांच्या डब्यात मासवडी द्यायची (मी शिकवली), आणि मी ह्यांच्या डब्यात मटण. म्हणजे डबे बदलले की ज्याचं त्याला पोचेल. "आन् आमच्यांना चावू द्या की मटान," गोजरबाई म्हणाल्या, "दाढंचं खोटं बोलत्यात व्हय!"

बेत उत्तम होता. फक्त मी मंगळवारी संध्याकाळच्या प्रार्थनेत एक वाक्य जास्तीचं बोलले. म्हटलं, "हे प्रभो, घरातून दिलेला घास जो निमूट खातो, त्या तुझ्या दासाच्या पायाला आराम दे." हे मी टोचायला म्हटलं, भक्तीनं नाही, आणि प्रार्थनेत टोचणी घालू नये हे मला आता कळलं आहे, कारण देव ऐकतो. ह्यांनी आमेन म्हटलं नाही. खोकले.

बुधवारी दुपारी आप्पासाहेबांनी नेहमीसारखा डबा पुढे केला, तर हे म्हणाले, "नको. आजपासून मी घरचंच खाणार." आणि मन घट्ट करून झाकण उघडलं. आत मटण.

विचार करा वन्सं, त्या माणसाचं काय झालं असेल! संध्याकाळी घरी आले, डबा तसाच भरलेला माझ्यापुढे ठेवला, आणि चेहरा असा की जणू उपदेशाच्या आसनावर उभे आहेत. म्हणाले, "कृपा, अरण्यात सैतानानं प्रभूला धोंड्याची भाकर करून दाखव म्हटलं. तू तर मटणच करून दिलंस. माझी परीक्षा बघितलीस ना? घे, मी हात लावला नाही." मी विचारलं, मग खाल्लं काय? तर आप्पासाहेबांनी आपल्या डब्यातल्या चार वड्या दिल्या म्हणे. "त्यांच्याकडे आज मासवडी होती," ते म्हणाले, "पण तुझ्यासारखी नाही." मग खाली बघत म्हणाले, "मधे काही दिवस मी तुझा डबा खात नव्हतो." मी म्हटलं, "बरं." एवढंच म्हटलं. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून निघालेला सगळ्यात लहान शब्द तो, आणि सगळ्यात मोठं ओझं त्यानंच उतरलं.

तेव्हापासून ते परीक्षेत उतरलेल्या विद्यार्थ्याच्या ऐटीत डबा खातात. बेसन, वांगी, हुलगे सगळे निर्दोष सुटले. काल डॉक्टरांनी अंगठा दाबला तर हे नुसते हसले. रात्री मी त्यांच्या पायावर पांघरूण घातलं. ते 'आई गं' म्हणाले नाहीत, आणि मी तशीच हात ठेवून बसून राहिले. मामंजींची बाज आपल्या घरात पुन्हा मांडावी लागणार नाही, असं मला पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच वाटलं.

दाजींना सलाम. मुलांचं बोर्डिंगातून पत्र आलं, आत्याला सलाम लिहिलाय.

तुमची,
कृपा

ता. क. ते परीक्षेचं मटण वाया गेलं नाही. ते मी आणि गोजरबाईंनी मागच्या ओट्यावर बसून खाल्लं. गोजरबाई त्या दिवशी पहिल्यांदाच बसल्या. त्यांच्या सासूबाईंना आणि तुमच्या भावाला, दोघांनाही हे माहीत नाही.

ता. क. परीक्षा वगैरे काही नव्हती, हे कृपा करून त्यांना सांगू नका. तो विजय आहे तोवर पथ्य आहे.

ता. क. आता खरं कारण, ज्यासाठी एवढं लांबण लावलं. नाताळाला आम्ही कर्जतला येतो आहोत. त्या दुपारी तुम्ही बोकडाचा पाया आणि मुंडी करता, स्वतः वाढता, भावानं तिसऱ्यांदा घेतलं नाही तर जेवत नाही. मी पुढे काही बोलले तर ते माझं ऐकणार नाहीत, तुमच्या हातातल्या पळीचं ऐकतील. तुमच्या चुलीला तुमच्याशिवाय कोणी हात लावलेला नाही, मलाही तुम्ही कधी फुंकणी दिली नाही, आणि सणाच्या दिवशी भावाच्या ताटात बेसन वाढणारी बहीण कर्जतच्या मंडळीत अजून जन्माला आलेली नाही, हे सगळं मी जाणून आहे. उत्तर काय येणार तेही जाणून आहे. तरी विचारते वन्सं: नाताळच्या त्या एका दुपारी तुमची चूल मला द्याल का, आणि मी केलेली मासवडी तुमच्या हातानं त्यांना वाढाल का?