चेनला एक चरा नाही

पार्थ,

डेअरीवर दूध घालायला चाललोय. तू गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. काल तूच दिलेलं माझं घड्याळ हातात घेऊन म्हणालास, "आप्पा, तीन वर्षं झाली, चेनला न् लॉकला एक चरा नाही! माझं बघा, सहा महिन्यांत खरवडून निघालंय. कसं जपता?"

तर लिहून घे, इंजिनिअरसाहेब. टेबलावर मनगट टेकायच्या आधी घड्याळ काढावं. किल्ल्यांच्या खिशात टाकू नये. ठेवताना मऊ फडक्यावर, कुशीवर ठेवावं, म्हणजे लॉक घासत नाही.

हे सगळं दुकानदाराचं ज्ञान. माझं खरं ऐकशील? तू येतोस तेवढे दिवसच मी ते घालतो. दिवाळीपासून मोजून पाच दिवस घातलंय. तुझी आई गेल्यापासून घरात किती वाजले विचारणारं कोणी नाही रे.

आज मात्र डेअरीवरही घालून चाललोय. कॅनला घासलं तर घासू दे.

चहा थर्मासमध्ये आहे. पारनेरहून तुझी एसटी अकराची. चुकली तर मी काही बोलणार नाही.

– आप्पा